घळीत ओरडायचं नाही

४ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणतात, राग आला की आधी वहीत लिहा, मग शांत झाल्यावर काय ते ठरवा. वही त्यांनीच दिली. वर गुलाबाचं चित्र. माझ्यासारख्या माणसाच्या हातात गुलाबाची वही! फौजी बघून इतका हसला की त्याला ठसका लागला. फौजी म्हणजे माझा जोडीदार. आधी लष्करात होता, आता माझ्यासोबत घळीची राखण करतो.

तर राग का आला ते लिहितो. परवा एक पर्यटक आला होता. गळ्यात कॅमेरा, अंगात मस्ती. पाहुणे झाडांवर गप्प लोंबत होते. याला उडतानाचा फोटो हवा होता, म्हणून पठ्ठ्याने टाळी वाजवली. मी मागून जाऊन कानाखाली अशी ठेवून दिली की कॅमेरा एकीकडे आणि साहेब दुसरीकडे. तो ओरडणार तेवढ्यात फौजीने त्याचं तोंड दाबलं आणि घळीबाहेर आणेपर्यंत दाबून धरलं. बाहेर आल्यावर मग काय बोंबलला! वरिष्ठांकडे तक्रार गेली, वरिष्ठांनी मला डॉक्टरांकडे पाठवलं आणि डॉक्टरांनी गुलाब दिला.

लिहून राग गेला का? नाही. अजून एक ठेवून द्यायला हवी होती.

७ नोव्हेंबर

डॉक्टरांनी विचारलं, पाहुणे म्हणजे कोण? घ्या! इतक्या जवळ राहून यांना पाहुणे माहीत नाहीत.

डॉक्टर, पाहुणे म्हणजे फुलपाखरं. तांब्याच्या रंगाची, पंखांना काळी किनार. समुद्रापलीकडून उडत येतात आणि थंडीभर आमच्या घळीतल्या काळझाडांना चिकटून बसतात. झाडाची साल दिसत नाही इतके. आधी आणखी एक-दोन ठिकाणी बसायचे म्हणे. तिथली झाडं तोडली, पाहुणे संपले. आता ही एकच घळ उरली आहे. कॉलेजातून शास्त्रीणबाई येतात, त्यांनी मला नीट समजावलं. झाडांची दाटी हेच यांचं पांघरूण. मधलं एखादं झाड पडलं तरी वारा आत शिरणार आणि सगळे गारठून मरणार. दचकून उडाले तरी तीच गत. गारठलेले पंख त्यांना परत वर नेत नाहीत, आणि जो खाली पडला तो गेला.

म्हणून माझा नियम आहे. जीव गेला तरी घळीत ओरडायचं नाही. सगळं बोलणं खुणेने. मूठ वर केली की थांब. बोट ओठांवर ठेवलं की गप्प. पंजा छातीवर ठेवला की मी आपला माणूस. ही शेवटची खूण लागते, कारण पंखांची भुकटी छातीत जाते आणि महिनोन्महिने खोकला धरतो, म्हणून आम्ही सगळे तोंडाला फडकं बांधतो. धुक्यात कोण कोणाला ओळखणार?

या खुणा मी बारक्याला शिकवल्या तेव्हा तो एका दिवसात शिकला. बारक्या म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. नावाला बारक्या, आमच्या दारातून वाकून आत येतो. आई लवकर गेली म्हणून हिनेच त्याला वाढवलं, आमच्याच घरात. माझ्या हाताखाली कामाला लागला त्या पहिल्याच थंडीत त्याच्या पायावर ओंडका पडला. अंगठ्याचं नख उपटून आलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण तोंडातून शब्द नाही. मी गावभर सांगत फिरलो, बघा, याला म्हणतात राखणदार! आणि यंदा याने नोकरी सोडली. बाजारातल्या एका व्यापाऱ्याचा ट्रक चालवतो. म्हणे लग्न करायचंय, राखणीत भागत नाही. मी आठ दिवस बोललो नाही त्याच्याशी.

१६ नोव्हेंबर

झाड तोडलं! माझ्या घळीतलं काळझाड तोडलं. अक्षर लागत नाही.

कडेचं झाड होतं, त्यावर पाहुणे नव्हते. नेमकं रिकामं झाड निवडलंय. करवत हाताची, मशीनची नाही. दोर लावून हळूहळू टेकवलंय, म्हणजे धाडकन पडू दिलेलं नाही. आम्ही पलीकडच्या अंगाला होतो, आम्हाला पत्ताही लागला नाही. फौजी खुंटाभोवती फिरला आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "चोर आहे, पण घळ माहीत असलेला चोर आहे."

मी म्हटलं, "आरागिरणीवाला. दुसरा कोण?"

काळझाडाचं लाकूड कापायची हिंमत त्या जाड्याशिवाय कोणात आहे? हाडं मोडतो साल्याची.

२३ नोव्हेंबर

आणखी एक गेलं. तेही कडेचंच, तसंच अलगद टेकवलेलं.

घरी आलो तर बारक्या खोकत बसलेला. हिने त्याला गरम पाण्याची वाफ दिली होती. इतका खोकला तर त्याला राखणीत असतानाच व्हायचा. ट्रकच्या धुराने छाती गेली पोराची. केसांत भुसाही होता. मी म्हटलं, "बाजारात काय डोक्यावरून पेट्या वाहतोस?" तो म्हणाला, "हो भाऊजी, पेट्याच." बहीण-भावाने एकमेकांकडे बघितलं. मी त्याला टोचून बोललो याचं हिला वाईट वाटलं असणार.

जेवल्यावर ही म्हणाली, "अहो, जरा बोलायचं होतं."

मी बोट ओठांवर ठेवलं. दिवसभर गेलेल्या झाडाचा विचार करून डोकं उठलेलं, त्यात घरची गाऱ्हाणी कोण ऐकणार? ती उठून भांडी घासायला गेली. एवढं मात्र आहे, बायको समजूतदार मिळाली. माझ्या घरात आवाज चढवणारा मी एकटाच.

२ डिसेंबर

आज आरागिरणीवाल्याला धुतला.

भर रस्त्यात सापडला, न्हाव्याच्या दुकानासमोर. मी विचारलं, "झाडं कुठे आहेत?" तो म्हणाला, "कसली झाडं? माझ्याकडे परवान्याशिवाय काटकी येत नाही, येऊन बघ." मी त्याची कॉलर धरून त्याला न्हाव्याच्या काचेवर आदळला. काच फुटली. त्याच्या कपाळातून रक्ताची धार लागली, डोळे झाकले गेले, तरी मी सोडला नाही. पोटात गुडघा घातला. लोक जमले, कोणी मध्ये पडेना. मला ओळखतात.

तो खाली बसून रक्त थुंकत म्हणाला, "आधी स्वतःच्या घरात बघ."

माझ्या घरात! माझ्या बायकोबद्दल बोलतो! मी लाथ घातली. मग फौजीने आणि न्हाव्याने मिळून मला ओढलं.

इन्स्पेक्टरने दम दिला, पुन्हा असं केलंस तर आत टाकीन. पण सोडलं. थंडीत घळ राखायला दुसरा माणूस कुठून आणणार? घरी आल्यावर हिला सांगितलं, तो काय बोलला तेही सांगितलं. ती पांढरीफटक पडली. मग माझ्या हाताला औषध लावायला बसली. मी म्हटलं, "अगं, तुझ्याबद्दल कोणी वाकडं बोललं तर जीव घेईन मी." ती औषधाची बाटली घेऊन आत गेली.

१० डिसेंबर

फौजी दवाखान्यात आहे.

काल संध्याकाळी मी वरच्या वाटेला होतो, तो खालच्या. खाली चार-पाच जण आले, तोंडं बांधलेले. त्याला पाडला, उजवा हात दगडावर धरला आणि कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने एकेक बोट ठेचलं. वर म्हणाले, पुढच्या आठवड्यात आम्ही मधलं मोठं झाड घेणार, मशीन आणणार, आडवा आलास तर डोकं ठेचू. तो घळीच्या तोंडाशी होता, ओरडला असता तर मला ऐकू गेलं असतं. ओरडला नाही. मी विचारलं, "गाढवा, का नाही ओरडलास?" तो म्हणाला, "वर पाहुणे होते ना." आणि हसायला लागला. पाचही बोटं पट्टीत गुंडाळलेला माणूस हसत होता. मला रडू आलं, लिहायला लाज कसली?

मधलं झाड म्हणजे सगळ्यात जुनं, पाहुण्यांनी वाकलेलं. ते पडलं तर घळ संपली. शास्त्रीणबाईंनी वरिष्ठांना फोन लावले, माणसं पाठवा म्हणून. वरिष्ठ म्हणाले, बघतो.

११ डिसेंबर

आज तिघंही एकत्र जेवायला बसलो. मी दोघांना सांगितलं, "आता विचारपूस बंद. घळीत जो सापडेल त्याला आधी हाणणार."

बारक्या ताटात बघत म्हणाला, "आणि तो काही सांगायला लागला तर?"

"आधी टाळकं, मग सांगणं."

"भाऊजी, सगळेच काही..."

मी त्याच्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं. माझ्या माणसाची बोटं ठेचलेली, आणि हा मला शहाणपण शिकवतो! याने राखण सोडली नसती तर फौजी एकटा पडला नसता, हेही मी सुनावलं. तो घास टाकून उठला. हीसुद्धा जेवली नाही. माझं काय चुकलं? खरं तेच बोललो.

१४ डिसेंबर

बारक्या डोळा सुजवून आला. एक डोळा पार बंद, ओठ फाटलेला. म्हणतो, ट्रकचं दार लागलं. दार एका बाजूला लागतं, याला दोन्हीकडून लागलंय. पोरीबिरीच्या भानगडीत मार खाल्ला असणार, लग्नाचं चाललंय ना. मी म्हटलं, "कोणी मारलं सांग, मी बघतो." तो माझ्यासमोर येऊन बसला. बोलेल असं वाटलं. मग म्हणाला, "तुम्ही बघाल, भाऊजी, त्याचीच भीती वाटते."

ही दार लावून माझ्यासमोर उभी राहिली. "आज तुम्हाला ऐकावंच लागेल."

मला वर जायचं होतं, उजेड जात होता. "झाड वाचलं की महिनाभर ऐकतो तुझं," म्हटलं आणि तिला बाजूला सारलं. जरा जोरात सारलं. ती भिंतीला लागली. मुद्दाम नाही केलं.

१७ डिसेंबर

सापडला!

डॉक्टर, आज राग नाही, आज मी खूश आहे. सविस्तर लिहितो.

सकाळी धुकं असं दाट की स्वतःचा हात दिसेना. मी एकटाच घळीत उतरलो. मधल्या झाडाखाली हालचाल दिसली. मशीनच्या करवती खाली मांडून ठेवलेल्या. रात्रीतून आणून ठेवल्या असणार. बाकीची टोळी अजून यायची होती. एकच माणूस उकिडवा बसून करवतीच्या टाकीत काहीतरी ओतत होता. पेट्रोल भरत होता, दुसरं काय? तोंडाला फडकं, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली.

मागून गेलो आणि पहिली काठी पाठीत घातली. तो वळला. मला बघितलं आणि काय केलं सांगू? बोट ओठांवर ठेवलं! माझ्याच घळीत मलाच गप्प राहायला सांगतो! डोक्यात तिडीकच गेली. दुसरी काठी त्या हातावर. हात लटकला. मग त्याने दुसरा पंजा छातीवर नेला. छातीत कळ आली असेल, नाहीतर आतून सुरा काढत असेल. मी कशाला वाट बघतोय? काठीचं लोखंडी टोक सरळ तोंडावर घातलं. फडक्याखाली काहीतरी फुटलं ते हाताला कळलं. तो गुडघ्यावर आला. मी एकेका काठीला फौजीच्या एकेका बोटाची आठवण काढली. बोटं संपली तरी थांबलो नाही.

एका गोष्टीचं मात्र नवल वाटलं. इतका मार खाल्ला, पण हूं नाही की चूं नाही. वर एकही पाहुणा हलला नाही. चोर असला तरी त्या बाबतीत मानलं त्याला.

वर कड्यावर जाऊन पोलिसांना फोन केला. त्यांनी त्याला खालच्या वाटेने नेला. मी करवतींपाशी राखण करत थांबलो, टोळी आली तर तिथे असावं म्हणून. कोणी आलं नाही. त्याच्या तोंडाकडे मी बघितलं नाही, बघण्यासारखं राहिलंही नव्हतं. दुपारी फौजीला फोनवर सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "कोण होता?" मी म्हटलं, "मला काय करायचंय कोण होता?"

झाड उभं आहे. सगळे पाहुणे जागेवर.

घरी आलो तर शेगडी थंड. ही नाही, बारक्याही नाही. दोघं बहीण-भाऊ कुठे उलथलेत कोण जाणे. बारक्याचं अंथरुणही घडी करून ठेवलंय. आज त्याला पहिलं सांगायचंय, राग सोडून जवळ बसवून सांगायचंय. राखणीत असतास तर आज माझ्याबरोबर असतास, म्हणावं.

१८ डिसेंबर

बारक्या होता.

२१ डिसेंबर

ती घळीच्या पायथ्याशी त्याची वाट बघत उभी होती. पोलिसांनी खाली आणला तेव्हा तिने बुटांवरून ओळखला. ते बूट माझेच होते, मी त्याला पहिल्या थंडीत दिले होते. दवाखान्यात तो शुद्धीवर आला नाही. पहाटे गेला. मी पोचलो तेव्हा चादर ओढलेली होती.

इन्स्पेक्टर भला माणूस आहे. म्हणाला, "तुम्ही ड्यूटीवर होता, तो चोर होता, आधीची झाडं त्यानेच दाखवली होती. तुम्हाला काही होणार नाही." असं म्हणून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला त्याचा हात मोडावासा वाटला. मग तो म्हणाला, "एक मात्र कळत नाही. करवतींच्या टाक्यांत माती सापडली. सगळ्या मशीन बाद झाल्यात. हे कोणी केलं?"

मला कळलं. तो ओतत होता ते पेट्रोल नव्हतं.

घरी हिने सांगितलं. रडली नाही, भाजी निवडताना सांगावं तसं सांगितलं. व्यापारी लाकडाचा धंदा करतो हे बारक्याला कामाला लागल्यावर कळलं. सोडतो म्हणाला तर त्यांनी बहिणीचं नाव घेऊन धमकावलं. तेव्हा त्याने त्यांना कडेची रिकामी झाडं दाखवली, पाहुणे वाचावेत म्हणून. फौजीला मारलं त्या दिवशी तो त्यांच्यात नव्हता. मधलं झाड देणार नाही म्हणाला म्हणून त्यालाही मारलं. मग त्याने वरवर हो म्हटलं आणि करवती घळीत नेऊन ठेवायचं काम स्वतःकडे घेतलं.

"माती घालायला मीच सांगितलं," ती म्हणाली. "मशीन बंद पडली की ते लोक जातील, मग आपण दोघं मिळून यांना सांगू, असं ठरलं होतं. तुम्हाला आधी सांगायला आले होते मी. किती वेळा आले होते."

मी म्हटलं, "अगं, मला..."

तिने बोट ओठांवर ठेवलं.

२९ डिसेंबर

व्यापारी पळाला, गोदामाला कुलूप आहे. आरागिरणीवाला दारात आला होता, कपाळावर टाके. मला वाटलं मारायला आलाय. म्हटलं, मार बाबा. तो नुसताच उभा राहिला आणि गेला.

डॉक्टर, तुमची वही काही कामाची नाही.

४ जानेवारी

आज ती म्हणाली, "मला घळीत जायचंय."

इतकी वर्षं मी तिला थंडीत घळीत नेलं नव्हतं. तिचं हसणं मोठं, लग्न झालं तेव्हा तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. पाहुणे उडतील म्हणून मीच नको म्हणायचो. मग ती हसायचीच बंद झाली, तरी नेलं नाही.

आभाळ भरलेलं, बोचरा गारठा. ती पुढे, मी मागे. फौजी तोंडाशीच होता, गळ्यात हात अडकवलेला. तोही आमच्यामागे आला. मधल्या झाडाखाली जमीन अजून काळपट होती. तिने विचारलंसुद्धा नाही, बरोबर तिथे जाऊन उभी राहिली. फडकं बांधलं नव्हतं तिने. वर बघितलं. पहिल्यांदाच बघत होती.

मग माझ्याकडे वळून साध्या, घरातल्या आवाजात म्हणाली, "तो ओरडला असता तर तुम्ही आवाज ओळखला असता ना?"

मी म्हणालो, "लगेच."

ती ओरडली. शब्द नव्हते त्यात. लहानपणी मांडीवर घेतलेल्या पोरासाठी बाई ओरडेल तशी, पोटातून, श्वास संपेपर्यंत, आणि मग परत श्वास घेऊन. घळ एकदम तांबडी झाली. सगळे पाहुणे एका वेळी उठले, फांद्या हलक्या होऊन वर गेल्या, आणि मग ते पडायला लागले. तिच्या केसांवर, खांद्यांवर, माझ्या काठीवर, त्या काळपट मातीवर. फौजीने माझा दंड धरला. थांबव तिला, असं डोळ्यांनी सांगत होता. माझा हात आपोआप वर आला, बोट ओठांपर्यंत पोचलं. ते बोट मला दिसलं. मी हात खाली घेतला.

ती ओरडत होती. मीही तोंड उघडलं. त्याला हाक मारायची होती, नावाने. खूप जोर लावला.

आवाजच फुटला नाही.